अठरावे वर्ष आणि समावर्तन

सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याला जेथे छेदतो, तेथे कडोदरा वसले आहे. कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्यांभोवती वाढलेल्या या गावात आणि लगतच्या सुरतेत खानदेशातून येऊन स्थिरावलेली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. या घरांतील मुलगा शाळा सुटताच बहुधा कामाला लागतो. त्याला आपण काय देऊन निरोप देतो, हा प्रश्न मला कायद्यापेक्षा नीतीचा अधिक वाटतो.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १८७५ च्या कायद्यान्वये १८ वर्षे पूर्ण होताच मनुष्य सज्ञान होतो. आदल्या दिवशी त्याने केलेला करार मुळातच शून्यवत. मोहरी बिबीच्या खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलाने तसा निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला, तर ऋणकोइतकाच बांधला जातो. एका रात्रीत त्याच्या बुद्धीत काही पालट होत नाही. पालटते ती त्याच्या सहीची किंमत. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. (आम्हा वकिलांचा तर तिच्यावरच चरितार्थ!) परंतु समाजानेही त्याच रेघेवर हात झटकावे काय?

आपल्या पूर्वजांनी याच उंबरठ्यावर समावर्तन-संस्कार ठेवला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या संपवून निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आहे. त्यातील सत्याविषयीचा आणि धर्माविषयीचा भाग सर्वांना ठाऊक असतो. पुढचा सहसा कोणी आठवीत नाही. आमचे जे आचरण चांगले असेल तेवढेच घे, असे आचार्य तेथे सांगतात. आणि कर्तव्याविषयी शंका उपजली, तर विचारी व कोमल वृत्तीची माणसे तशा प्रसंगी कशी वागतात ते पाहावयास सांगतात. शिष्य संभ्रमात पडेल, हे येथे गृहीतच धरले आहे. तशी माणसे त्याच्या आसपास असतील, हेही गृहीत धरले आहे. हे दुसरे गृहीतक आज खरे आहे काय?

पगारातून कापलेली रक्कम कशाची, हे तो मुलगा कोणाला विचारतो? झोप उडाली तर कोणाजवळ बसतो? शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची विनामूल्य सेवाही आहे. त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण दाखला हाती पडताच शाळेचा आधार सुटतो. आणि दूरध्वनीवरील आवाज मनाला कितीही धीर देवो, सहीपूर्वी शेजारी बसून तो कागद वाचणारा माणूस त्यातून मिळत नाही.

आपल्या देवळांच्या सभामंडपात आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा बँकेतील कारकून, एखादी परिचारिका, एखादे निवृत्त मास्तर बसले, तर मुले लगेच गर्दी करतील असे नाही. पहिले दोन महिने कदाचित कोणीच येणार नाही. पुढे जो येईल तो बहुधा बापाला न सांगता येईल. आणि त्याचे बोलणे बापाच्या कानी घालण्याचा मोह आपल्या मंडळींना आवरेल काय, याचीच मला अधिक धास्ती वाटते. जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी अशिलाचे गुपित वकिलाने फोडू नये, असे कायदा बजावतो; सभामंडपातील वडीलधाऱ्यांना ते कोणी बजावावयाचे?