नाव पुकारलं जाण्याआधी

बसल्या जागी खांदे सैल सोडा. दोन्ही पावलं जमिनीला टेकू द्या. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

उद्याचा कार्यक्रम मनासमोर आणा. निरोप समारंभ आहे. ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात ते साहेब निवृत्त होताहेत आणि त्यांच्याविषयी तुम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. आधीच्या वक्त्याचं भाषण लांबलंय. सूत्रसंचालिकेच्या कागदावर पुढचं नाव तुमचं आहे. इथेच थांबा. पुढे जायची घाई नको.

अंगात काय चाललंय? छातीत धडधड, तळहातांना घाम, कोरडी पडलेली जीभ, पोटात गोळा. यातलं काहीच थांबवायला जाऊ नका. एकेका जागी लक्ष न्या आणि जरा वेळ तिथे राहू द्या. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांनी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडलंय. म्हणून हृदय जोरानं चाललंय, स्नायूंकडे जादा रक्त जातंय, पचनाचं काम मागे पडलंय, तोंडातली लाळ आटलीय. ही पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी आहे. तुम्हाला तर फक्त माइकपर्यंत चालत जायचंय, पण शरीराला तो फरक कळत नाही. ते आपल्या परीनं मदतीलाच धावून आलंय. त्याच्यावर चिडू नका.

आता श्वास. दीर्घ श्वास घ्या, असं सगळेच सांगतात. मला मात्र घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं वाटतं. श्वास आत जाताना नाडी किंचित भरभर चालते, बाहेर पडताना मंदावते. मनात चारपर्यंत मोजत श्वास घ्या, सहापर्यंत मोजत सोडा. पुन्हा एकदा. अजून एकदा.

१८९६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हकिगत सांगायला गांधीजी मुंबईच्या सभेत उभे राहिले. भाषण छापून तयार होतं. तरी ते थरथरू लागले, आवाज खाली खाली जाऊ लागला आणि अखेर ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलंय. बुजरेपणामुळे आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असंही ते सांगतात. हे मला फार मोलाचं वाटतं. संकोच होता, आणि त्याच्यासोबत राहूनच ते कमी आणि नेमकं बोलू लागले.

वारकरी कीर्तन डोळ्यांसमोर आणा. कीर्तनकार एकटा नसतो. मागे टाळकरी, शेजारी मृदंग, जवळच विणेकरी. त्यानं अभंगाचं चरण म्हटलं की टाळकरी ते उचलून धरतात. तेवढ्यात त्याला दम घेता येतो, पुढचा दृष्टांत आठवता येतो. सभेत आपल्या मागे टाळकरी नसतात. क्षणभर गप्प राहिलो तर सगळं कोसळेल असं वाटतं आणि माणूस धावत सुटतो. वाक्यावर वाक्य चढतं, श्वास पुरत नाही, धडधड आणखी वाढते. माझ्या मते सभाधीटपणा म्हणजे बव्हंशी थांबता येणं. वाक्य संपल्यावरची ती शांतता तुम्हाला भयंकर लांब वाटते; ऐकणाऱ्याला तेवढ्यात तुमचं बोलणं पोचतं.

आता मनातल्या मनात उठा. चालत जा. माइक तोंडाच्या उंचीला आणा, सावकाश, लोक थांबतात. हातातला कागद थरथरतोय? तो टेबलावर ठेवा. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ हे पाठ केल्यासारखं उरकू नका. एकेक नाव घ्या आणि त्या माणसाकडे बघा. तोवर आवाज ठिकाणावर येतो.

मग साहेबांकडे बघा. शाल खांद्यावरून घसरतेय. श्रीफळ कुठे ठेवावं ते न कळून ते एका हातातून दुसऱ्या हातात घेताहेत. इतक्या लोकांसमोर तेही अवघडलेत. तुमचं पहिलं वाक्य त्यांच्यासाठी असू द्या. त्यांच्या थोरवीचं नको. त्यांनी पहिल्या दिवशी तुम्हाला आवक-जावक नोंदवही उघडून कशी समजावली, त्याचं असू द्या. छोटं, एका श्वासात मावेल एवढं.

डोळे उघडा आणि ते वाक्य आत्ता मोठ्यानं म्हणा. पूर्णविरामापाशी थांबून श्वास पुरता सोडा. मग दुसरं वाक्य.