फुंकणी आणि बासरी

पृथ्वी, जल, अग्नी, वायू, वनस्पती हे पाच स्थावर आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात. पाणी सांडलं की जलकायिक आठवतात, कांदा-बटाटा टाळताना वनस्पतिकायिक. वायुकायिक मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. मला त्यांची आठवण करून दिली आमच्या आक्कांनी. मी बासरी शिकायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, वाऱ्यालाही जीव असतो. नुसतं फुंकत बसायचं, ते कशासाठी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यांतल्या प्रमादचर्येत विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं यांच्या जोडीला विनाकारण वारा घालणंही येतं. गृहस्थाला स्थावरांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. म्हणून सगळा भर 'विनाकारण' या शब्दावर. मग बासरी सकारण की विनाकारण?

सोपं उत्तर आहे. समवसरणात देवदुंदुभी वाजतात, मंदिरात पूजेला पेटी-तबला असतो. मग बासरीनंच काय पाप केलं? पण ती वाद्यं भक्तीची. मी घरात बसून भूप वाजवते तो मला गोड लागतो म्हणून. कानाचं सुख हे इंद्रियसुखच. त्याला भक्तीचं नाव देऊन सुटका करून घेणं मला पटत नाही.

बासरीनं मात्र वेगळंच काही शिकवलं. सुरुवातीला कितीही जोर लावा, नुसती हवा फसफसते आणि डोकं गरगरतं, कारण बहुतेक श्वास भोकाबाहेर वाया जातो. ओठांची फट बारीक करून श्वासाची धार समोरच्या काठावर नेमकी पडली, की नळीतली हवा घुमू लागते. मंद्रातला सूर जोरानं फुंकला तर वरच्या सप्तकात उडी मारतो. त्याला हळुवार श्वासच हवा. म्हणजे शिकणं म्हणजे फुंकर वाया न घालवणं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमत्तयोग येतो, मग प्राणघात. आणि बासरी प्रमादानं वाजतच नाही.

तरी एवढ्यानं वायुकायिकांचं देणं फिटत नाही, हेही खरं. म्हणून मी परिमाण घातलंय : रोज एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. दशलक्षणात तेही नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या आज्या-आयांनी जन्मभर फुंकणीनं चूल फुंकली. फुंकणीही पोकळ नळीच. तिच्यात वायूही गेला, अग्नीही गेला. त्यांना कुणी 'कशासाठी?' विचारलं नाही, कारण उत्तर समोर ताटात वाढलेलं होतं. बाईची फुंकर घरासाठी असली की सकारण, स्वतःसाठी असली की विनाकारण, असं आचार्यांनी कुठं म्हटलंय? ते आपण ठरवलं. आणि शेजारणीच्या सुनेबद्दल दोन तास बोलण्यात जो श्वास जातो, त्याचा हिशेब तर कुणीच मागत नाही. वास्तविक त्याच यादीत अपध्यान आहे, दुःश्रुतीही आहे.

आक्कांचा प्रश्न मला सोडायचा नाही. तो प्रत्येक फुंकरीला विचारावा, चुलीच्या, बोलण्याच्या, बासरीच्या. फक्त जिची फुंकर तिनंच तो आधी स्वतःला विचारावा.