दुसरी बाजू



गुलमर्गच्या बर्फावर स्नोबोर्ड चालवणारे एक सराव मुद्दाम करतात. नेहमी डावा पाय पुढे असेल, तर उजवा पुढे ठेवून पाहतात. कालपर्यंत सरसर उतरणारा माणूस पुन्हा पडू लागतो. त्याला दुसरी बाजू शिकायची असते.

आपल्या पुण्यात बर्फ नाही. पण खो-खो आहे. या खेळाचे नियम बांधले गेले ते इथेच, डेक्कन जिमखान्यावर. पाठलाग करणाऱ्याला खो मिळाला, त्यानं एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा डोळ्यांत तेल घालून समोरच्याचा खांदा पाहत असतो. नेहमी उजवीकडेच झेपावणारा खेळाडू त्याला लगेच कळतो. म्हणून सरावात दुसरी बाजू घोटावी लागते.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुन्हा नवशिकं होणं. हमखास जमणारं बाजूला ठेवून अडखळायला तयार होणं. ज्यानं दुसरी बाजू नुकतीच अनुभवली, त्याचा आवाज शिकणाऱ्याशी बोलताना मऊ होतो.

तुमच्या घरी आजोबा मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकत असतील. आज थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा. बटण मात्र त्यांनाच दाबू द्या.