बहात्तर सेकंदांची उजळणी

तुमच्याही नात्यात किंवा ओळखीत असा एखादा तरी असेल. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, मेसचं जेवण जेवणारा, अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची धरून बसणारा. यूपीएससी, नाहीतर राज्यसेवा. माझा भाचा त्यांतलाच. दर रविवारी तो माझ्याकडून चालू घडामोडींची उजळणी करून घेतो. त्याने पाठवलेल्या पीडीएफमधून मी प्रश्न विचारायचे आणि त्याने उत्तरं द्यायची.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात काम करतो. आत मोबाइल नेता येत नाही. तो दिवसभर फाटकापाशी लॉकरमध्ये पडून असतो. पाळी संपली, बसने नाका ओलांडला, की आमची शाळा भरते. त्या रविवारी विषय होता भारत आणि सिंगापूर. घरचंच कार्य, म्हणून मी जरा सरसावून बसलो.

“यूपीआय आणि पे-नाऊ कधी जोडले?”

“21 फेब्रुवारी 2023.”

“सर्वसमावेशक धोरणात्मक भागीदारी?”

“सप्टेंबर 2024, पंतप्रधानांचा सिंगापूर दौरा.”

“4 सप्टेंबर 2025?”

“भारत मुंबई कंटेनर टर्मिनल, दुसरा टप्पा. दोन्ही पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ उद्घाटन. कंपनी सिंगापूरची पीएसए. ठिकाण न्हावा शेवा. क्षमता दुप्पट, 48 लाख टीईयू.”

सगळं एका दमात. मी खूश झालो आणि मग मामा असल्याचा हक्क बजावला. “शेवा कुठंय रे?”

“उरण तालुका, जिल्हा रायगड.”

“ते नाही. शेवा नावाचं गाव होतं, ते आता कुठंय?”

पलीकडे शांतता. मग मी सांगत सुटलो. 1989 मध्ये हे बंदर सुरू झालं, पण त्याआधी तिथे शेवा कोळीवाडा होता. बंदरासाठी तो उठवला आणि तिथल्या लोकांना उरणजवळ वसवलं. त्या वस्तीचं नाव हनुमान कोळीवाडा. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि नीट पुनर्वसनासाठी ती माणसं आजतागायत भांडत आहेत. त्याच उरण तालुक्यात, जानेवारी 1984 मध्ये, नवी मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्यावरून शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. नेते होते जासईचे दि. बा. पाटील. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा नाव कुणाचं द्यायचं यावरून जे चाललं होतं, त्याची मुळं इथे आहेत. “तुझ्या पीडीएफमध्ये ह्या दोन वेगवेगळ्या ओळी आहेत, बंदर एका पानावर आणि विमानतळ दुसऱ्या पानावर. माणसं तीच आहेत.”

त्याने ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “मामा, पूर्व परीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न असतात. एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. चुकलं तर एक तृतीयांश गुण कापतात. हे सगळं कळून मला एक मार्क मिळणार नाही. तुला नोकरी आहे, तुला परवडतं.” आणि जरा थांबून, अगदी सहज, “तू अकरा वर्षं त्या बेटावर जातोयस. तिथे आधी कोण राहायचं?”

बसमध्ये एसी होता, तरी मला घाम फुटला.

कारण मला बेटाचे आकडे पाठ होते. पाहुणे आले की मी ते घडाघडा सांगतो: सात छोटी बेटं, 1995 पासून समुद्रात भराव, 14 ऑक्टोबर 2000 ला औपचारिक उद्घाटन, 2009 मध्ये भराव पूर्ण, हजार हेक्टरांहून कमी जमिनीची झाली सुमारे तीन हजार हेक्टर. खाली खडकात, जमिनीपासून शंभराहून अधिक मीटर खोल, तेल साठवायच्या गुहा. म्हणजे माझ्याकडेही पीडीएफच होती. घरी जाऊन मी बेटांची नावं वाचली: पुलाऊ सेराया, साक्रा, मेरलिमाऊ, आयर चावान, आयर मेरबाऊ, पेसेक, आणि पेसेक केचिल, म्हणजे धाकटा पेसेक. ह्यांतल्या काही बेटांवर मलय कोळ्यांची गावं होती. लोकांना तिथून उठवून मुख्य बेटावर आणलं. साक्रा आणि सेराया ही नावं मी रोज रस्त्यांच्या पाट्यांवर वाचत होतो. शेव्याची चौकशी करणारा मामा साक्राच्या रस्त्याने अकरा वर्षं ये-जा करत होता आणि त्याला एकदाही प्रश्न पडला नव्हता.

तेव्हापासून मी ह्या गोष्टीचा विचार करतो आहे आणि तो तुमच्यासमोर मांडावासा वाटतो. एका ओळीत जग पाठ करणं, ह्यात नैतिकदृष्ट्या काही चूक आहे का?

आधी परीक्षेची बाजू मांडतो, कारण ती मांडायला कुणी जात नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नाला जात नसते, आडनाव नसतं, इंग्रजीचा उच्चार नसतो. बीडच्या ऊसतोड मजुराची मुलगी आणि मुंबईच्या कॉन्व्हेंटमधला मुलगा, दोघांपुढे तेच चार पर्याय. प्रश्न जितका खोल आणि मोकळा, तितकी तपासणाऱ्याची मर्जी आत शिरायला जागा. 2023 मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले होते ते राज्यसेवेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून आणा म्हणून. ज्यांनी आयुष्याची चार-पाच वर्षं एका साच्यात ओतली आहेत, त्यांना ‘ज्ञानासाठी शिका’ असं सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याचा पगार महिन्याच्या शेवटी जमा होत असतो. भाच्याचा टोला मला लागला तो इथे.

शिवाय तारखा आणि नावं क्षुल्लक नसतात. ‘उरणला काहीतरी गोळीबार झाला होता म्हणे’ असं म्हणणारा माणूस कुणाच्याच उपयोगाचा नाही. जानेवारी 1984, पाच माणसं, हे ठाऊक असेल तरच पुढचं बोलता येतं. पाठांतर हा पाया आहे. पण पायावर घर बांधायचंच राहून गेलं, तर?

इथे माझीच एक चूक सांगतो. कारखान्यात टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा मोजावी लागते आणि परवान्यावर माझ्यासारख्याला सही करावी लागते. प्राणवायू 20.9 टक्के, ज्वलनशील वायू शून्य. हे आकडे मी इतक्या वेळा लिहिले आहेत की हात आपोआप लिहितो. एका सकाळी मी असाच परवाना भरला, सही केली आणि मुकादमाच्या हातात दिला. तो तमिळनाडूचा, वयाने माझ्याहून मोठा. त्याने कागद घेतला नाही. शांतपणे विचारलं, “सर, मीटर कुठे आहे?” मीटर अजून टाकीपाशी पोचलाच नव्हता. नंतर मोजलं तेव्हा आकडा तोच आला. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. परीक्षा असती तर पूर्ण गुण मिळाले असते. पण मला ते माहीत नव्हतं, फक्त पाठ होतं. आणि खाली उतरणार होता तो माणूस.

मला वाटतं फरक इथे आहे. ज्याच्या सहीने काहीच घडत नाही, त्याने एका ओळीवर भागवलं तर फार बिघडत नाही. पण माझा भाचा प्रांत व्हायला निघाला आहे. उद्या भूसंपादनाच्या नोटिशीवर त्याची सही असेल, आणि कुठल्यातरी शेव्याचे लोक त्याच्या टेबलापुढे उभे असतील. अधिकार जितका मोठा, तितकं पाठ असण्यावर थांबण्याची मुभा कमी. ते ऋण परीक्षा वसूल करत नाही, करूही शकत नाही. यूपीएससीने 2013 पासून 250 गुणांचा नीतिशास्त्राचा पेपर ठेवला आहे. त्यात विस्थापितांवरचे प्रश्नही येतात, आणि त्यांचीही पाठ उत्तरं बाजारात मिळतात.

ह्याच रायगडचे, तेव्हाच्या कुलाब्याचे, चिंतामणराव देशमुख. नाते गावी जन्मलेले, 1918 च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले. त्या परीक्षेने त्यांची बुद्धी अचूक ओळखली. पण 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायच्या निर्णयावरून त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, ते त्यांच्यात आहे की नाही हे कुठली प्रश्नपत्रिका 1918 मध्ये विचारू शकली असती?

म्हणून मी भाच्याला परीक्षेविरुद्ध काही सांगणं सोडून दिलं आहे. उजळणी त्याची आहे, ती त्याच्या पद्धतीनेच व्हायला हवी. फक्त आम्ही एक ठरवलं. दर रविवारी शंभर ओळी त्याच्या, आणि शेवटी एकच ओळ दोघांची. ती निवडायची आणि विचारायचं, हे कुणाच्या अंगणात घडलं? दहा मिनिटं, जास्त नाही. गेल्या खेपेला ओळ त्याने निवडली. उत्तर शोधायचं काम मात्र माझ्याकडे होतं, कारण अंगण माझ्या बाजूचं होतं.

तुमच्याकडेही असा फोन येत असेल, तर प्रश्न जरूर विचारा, तारखाही पक्क्या करून घ्या. पण एक दिवस तो उलटून तुम्हालाच विचारेल, ह्याची तयारी ठेवा. आपण परदेशात राहणारी माणसं आपल्या नव्या गावाचे आकडे फार लवकर पाठ करतो.