बाळाचा फोटो कुणाचा?

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावात बाळाचा फोटो एकाच प्रकारचा असायचा. चार-पाच महिन्यांचे बाळ स्टुडिओत चादरीवर पालथे घातलेले, अंगावर कपडा नाही, गालावर काजळाची तीट आणि फोटोग्राफरच्या खुळखुळ्याकडे बघत मान वर केलेली. तो फोटो फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावत. रांगणारा बाळकृष्ण ज्यांच्या देव्हाऱ्यात, त्यांना त्यात वावगे काय वाटणार?

आज इथे अमेरिकेत आपण प्रत्येकजण घरबसल्या फोटोग्राफर झालो आहोत. अशा घरगुती फोटोचे काय होऊ शकते, याची एक हकीकत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ऑगस्ट २०२२ मध्ये छापली होती. डॉक्टर असल्यामुळे ती माझ्या मनाला जास्तच लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी आपल्या लहानग्या मुलाच्या नाजूक जागी आलेल्या सुजेचे फोटो काढले. नर्सनेच ते मागितले होते, कारण कोविडमुळे तपासणी व्हिडिओवर व्हायची होती. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, मूल बरे झाले. पण फोनने ते फोटो आपोआप गूगलकडे चढवले होते. तिथल्या यंत्रणेला ते आक्षेपार्ह वाटले. खाते बंद झाले, पोलीस चौकशी झाली. पोलिसांनी काही गुन्हा नाही असा निर्वाळा दिला, तरी बातमी छापून येईपर्यंत खाते परत मिळालेले नव्हते. मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो त्याच खात्यात होते.

म्हणून फोटो काढूच नयेत का? मुळीच नाही. सूज दाखवणारा फोटो मी उद्याही मागेन. पण आपला हेतू निर्मळ असला की फोटोही निर्मळ राहतो, हा समज मला आता पुरेसा वाटत नाही. जुन्या बायका 'दृष्ट लागेल' म्हणून तान्ह्याचा फोटो काढू देत नसत. शास्त्र शिकलेले आम्ही हसायचो. दृष्टीवर माझा आजही विश्वास नाही. मात्र मुलावर कुणाची नजर पडावी हे घरच्यांनी ठरवायचे असते, एवढी जाण त्यांना होती. बैठकीतल्या फ्रेमसमोर कोण येणार हे घराला माहीत असे.

आणखी एक गोष्ट. रुग्णाचा फोटो विद्यार्थ्यांना दाखवायचा झाला तर आम्हाला लेखी परवानगी घ्यावी लागते. मूल असेल तर आई-वडिलांची सही, आणि समजत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारायचे. घरात कोण कुणाला विचारतो? फ्रान्सने २०२४ मध्ये कायदाच केला, की मुलाच्या छबीवरचा हक्क जपणे ही आई-वडिलांची संयुक्त जबाबदारी आहे. म्हणजे फोटो आपण काढला, तरी तो मुलाची ठेव. ठेव सांभाळणाऱ्याने ती गावभर वाटायची नसते.

इथल्या हायस्कूल ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या आठवून पाहा. जेवणानंतर स्लाइड शो. बाथटबमधला फोटो, मग पॉटीवर बसून रडतानाचा. दोनशे पाहुणे हसतात. अठरा वर्षांचा उत्सवमूर्तीही हसतो. दुसरे काय करणार बिचारा! मला कपडे नसण्यापेक्षा ते रडणे जास्त खटकते. मूल रडत असताना आपण कॅमेरा शोधत होतो, हे त्या फोटोत कायमचे दिसते.

चार वर्षांच्या मुलाला "हा फोटो आजीला पाठवू का रे?" असे विचारले तर ते स्पष्ट उत्तर देते, आणि 'नाही' म्हणाले तर पाठवू नये. तान्ह्याला विचारता येत नाही. त्याचे फोटो भरपूर काढावेत, निवडक चार-सहा कागदावर छापून टपालाने आजी-आजोबांना धाडावेत. वेळ लागतो, पण ते शोकेसमध्ये राहतात. त्या छापील फोटोचा मोबाइलवर पुन्हा फोटो काढून आजीनेच तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तर तिला कोण समजावणार, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.