पोहता न येण्याची सबब

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1972 साली एक उदाहरण मांडलं. उथळ तळ्यात मूल बुडतंय. कपडे चिखलाने भरतील म्हणून आपण पुढे निघून जाऊ का? अर्थातच नाही. पण तळं खोल असेल आणि आपल्याला पोहता येत नसेल तर? जे जमतच नाही त्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं नीतिशास्त्र म्हणतं. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर तालुक्याने पाहिलेल्या पुरानंतर ही सूट मला अपुरी वाटते. पोहता न येणं हा दोष नाही. शिकायची सोय असून न शिकणं ही मात्र निवड आहे.

लहान पोरं पाठीला डबा बांधून बेधडक विहिरीत उतरतात. चाळिशीतल्या माणसाला पाण्यापेक्षा लाजेची भीती जास्त. गटात ती विरते, कारण सगळ्यांच्याच नाकातोंडात पाणी गेलेलं असतं. आपली ताकद कुठे संपते, हेही तिथेच कळतं. अर्धवट पोहणाऱ्याने उडी मारली, तर बुडणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून आधी दोर फेकावा, काठी पुढे करावी.

मदतीचं कर्तव्य पुराच्या दिवशी नव्हे, त्याआधीच्या उन्हाळ्यातच सुरू होतं.