नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेत दोन वाक्प्रचार अगदी शेजारी नांदतात. बारशाच्या दिवशी आपण मुलाचे नाव ठेवतो आणि पुढे आयुष्यभर त्याच माणसाला नावे ठेवीत राहतो. पहिल्या क्रियेत नाते जन्मास येते, दुसरीत ते झिजू लागते. शब्दांनी नाती कशी घडतात व कशी बिघडतात, या प्रश्नाचे मर्म या दोन क्रियांमधील अंतरात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू खून न करण्याच्या जुन्या आज्ञेची आठवण देतो आणि लगेच, भावावर रागावणे व त्याला मूर्ख म्हणणे या गोष्टी तिच्याच पंक्तीला आणून बसवतो. प्रथमदर्शनी हे अतिशयोक्त वाटते. कोठे खून आणि कोठे तोंडातून निसटलेला एक शब्द! परंतु थोडा विचार केल्यास या कठोरतेचे कारण उलगडते. ‘तू हे चुकीचे केलेस’ या वाक्यात माणूस वेगळा आणि त्याची कृती वेगळी राहते. चूक दुरुस्त झाली की वाक्यही संपते. ‘तू मूर्खच आहेस’ या वाक्यात मात्र सुटकेची वाट उरत नाही. बोलणारा तेथे फिर्यादीही असतो आणि न्यायाधीशही. देवाने आपल्या प्रतिरूपात घडविलेल्या माणसाचे नाव पुसून तेथे आपण आपला निकाल लिहितो. पुसणे हाही एक प्रकारचा वधच होय.

घराघरांत हे नित्य घडते. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला ‘ढ’ हे बिरुद एकदा चिकटले की त्याच्या प्रत्येक यशाचे घरच्यांना आश्चर्य वाटते आणि प्रत्येक अपयश अपेक्षित ठरते. सून, जाऊ, धाकटा भाऊ यांच्याविषयी एखादे विशेषण घरात रूढ होते आणि त्यानंतर कोणी त्या माणसाकडे पाहतच नाही. सर्वजण त्या विशेषणाकडे पाहतात. कचेऱ्यांतही दारात आलेला माणूस टेबलावर पोहोचेपर्यंत ‘प्रकरण’ झालेला असतो.

जे एका घराचे, तेच समाजाचे. बारडोली म्हटले की १९२८चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना येथे लाभलेली ‘सरदार’ ही पदवी आठवते. एका संबोधनात केवढे प्रेम मावू शकते याचे ते उदाहरण. परंतु याच भूमीत माणसांची दोन गटांत वाटणी करणारे दोन शब्दही प्रचलित होते. पाटीदार, अनाविल, वाणी आदी मंडळी म्हणजे ‘उजळीपरज’, आणि चौधरी, गामीत, धोडिया, दुबळा हे आदिवासी म्हणजे ‘काळीपरज’. ‘दुबळा’ या नावाचा अर्थ तर दुर्बळ असाच लावला जाई. ज्याला जन्मतःच दुर्बळ म्हणून हाक मारली, त्याने मान वर करावी कशी? गांधीयुगात ही नावे बदलण्याचा प्रयत्न झाला. काळीपरज ‘रानीपरज’ झाले, दुबळ्यांना ‘हळपती’ म्हणजे नांगराचे धनी म्हटले जाऊ लागले. बारडोलीजवळच्या वेडछीस जुगतराम दवे यांच्यासारख्यांनी या लोकांत राहून आयुष्य वेचले.

तथापि येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधला गेलेला हाळी ‘हळपती’ म्हटल्याने त्या दिवशी मोकळा झाला नाही. नांगराचा धनी म्हणवणाऱ्याच्या नावावर बहुधा जमीनच नव्हती. याकोबाच्या पत्रातील इशारा येथे लागू पडतो. उघड्या-उपाशी बंधूला नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणे व्यर्थ, असे तो बजावतो. कठोर शब्द नाते तोडतो हे खरे. पण कृतीविना उच्चारलेला गोड शब्दही नात्याची फसवणूकच करतो.

ही गोष्ट इतिहासजमा झाली असे समजण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांची ऊसतोड सुरू होते. डांगातून आणि आपल्या खानदेशातून आदिवासी कुटुंबे येऊन शेताकडेला खोपी उभारतात. नवरा-बायको मिळून होणाऱ्या त्या जोडीला व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. ‘किती कोयते आले?’ असे सहज विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. परंतु दोन माणसे आणि त्यांचे मूल त्या शब्दात कोठेच नसतात. हत्याराची दमणूक होत नाही, हत्यार आजारी पडत नाही, आणि म्हणूनच त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही.

येशूची रीत याच्या नेमकी उलट होती. यरीहोचा जकातदार जक्कय याला सारे गाव पापी म्हणत होते. येशूने उंबरावर चढलेल्या त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी तो पाहुणा म्हणून गेला. हाक आणि पाहुणचार, शब्द आणि कृती, एकाच वेळी. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या, लोकांत तोंड लपविणाऱ्या स्त्रीला त्याने मुलगी म्हटले. दोन्ही ठिकाणी माणूस आधी बदलला आणि मग त्याला चांगले नाव मिळाले, असे झाले नाही. नाव आधी मिळाले.

कोणी विचारील, मग त्याच येशूने शास्त्री व परूशी यांना आंधळे, मूर्ख असे शब्द वापरलेच ना? वापरले खरे. परंतु ते मानाच्या जागी बसलेल्यांना, त्यांच्या समक्ष, आणि दुर्बळांच्या खांद्यावर ते लादीत असलेल्या ओझ्यांबद्दल. आमचे कठोर शब्द बहुधा उताराकडे धावतात. वरिष्ठांपुढे जीभ मृदू होते; घरी मुलावर, रस्त्यावर मजुरावर ती धारदार होते. शब्द कोणत्या दिशेने जातो आहे, हे पाहिले तरी त्याची नीतिमत्ता पुष्कळशी कळते.

ज्याचे मन आपण दुखावले असेल, त्याच्याशी आधी समेट करावा आणि मगच वेदीवर अर्पण ठेवावे, असे त्याच प्रवचनात पुढे सांगितले आहे. तेव्हा प्रार्थनेस जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: आपल्या घरात, आपल्या शेतावर, आपल्या दारात असा कोण आहे, ज्याला आपण नावे ठेवली पण ज्याचे नाव आपणांस ठाऊक नाही? ते विचारून घेणे ही समेटाची पहिली पायरी होय. त्यानंतरची पायरी मजुरीच्या, औषधाच्या किंवा शाळेच्या दारातून जाते, आणि ती चढल्यावाचून पहिलीला अर्थ नाही.